छायाचित्रातील सात्त्विक अभिनय

१

गेल्या पन्नास-साठ वर्षांत चित्रकला आणि नाट्य यांच्या सीमेवर एक नवा कलाप्रकार उभा राहिला आहे. त्यात कलावंत स्वतःचे शरीर हेच साहित्य म्हणून वापरतो, एखादी आधी ठरविलेली कृती करतो, आणि ती कृती संपली म्हणजे प्रेक्षकाच्या हाती उरते ते केवळ छायाचित्र. पुष्कळदा ती कृती कॅमेऱ्यासाठीच केलेली असते. तिला दुसरा प्रेक्षकच नसतो. रंगरेषांच्या कौशल्यापेक्षा कृतीमागील कल्पनेला येथे अधिक मान, म्हणून या प्रकारास संकल्पनाप्रधान म्हणतात. या लेखापुरते आपण त्यास ‘प्रयोगचित्र’ म्हणू. नाटकाचा जसा प्रयोग होतो, तसाच हा देहाचा प्रयोग, आणि छायाचित्र ही त्याची खूण.

या प्रकाराविषयी सुशिक्षित मराठी वाचकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा कंटाळ्याची किंवा तिटकाऱ्याची असते. उघडे अंग, जखम, व्याधी, वेडावाकडा वेष, हे दाखविण्यात कला ती कोणती, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि ‘तुम्हांला आधुनिक कला कळत नाही’ एवढे म्हणून तो उडवून लावणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी पॅरिस-न्यूयॉर्कच्या परिभाषेकडेच धाव घेतली पाहिजे असेही नाही. देह, त्याचा अभिनय आणि त्याची अगतिकता यांचा विचार आपल्या नाट्यशास्त्राने फार पूर्वी आणि फार बारकाईने केलेला आहे. तो विचार येथे किती उपयोगी पडतो हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

हा प्रश्न आमच्या आदिलाबादेकडच्या माणसास जरा जवळून भिडतो, याचेही कारण सांगितले पाहिजे. ज्यांची शरीरे इतरांनी पुन:पुन्हा छायाचित्रांत उतरवून नेली, अशा लोकांचा हा प्रदेश आहे. गोंड, कोलाम, परधान यांची चित्रे लंडनच्या संग्रहांत आहेत, सरकारी पत्रकांवर आहेत, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. चित्रातला देह कोणाचा, तो कोणी दिला आणि कोणी घेतला, हा प्रश्न येथे केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

२

भरताने अभिनयाचे चार प्रकार मानले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगविक्षेपांनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, आणि वेष, रंग, अलंकार यांनी होतो तो आहार्य. या तिन्हींवर नटाचा ताबा चालतो. चौथा सात्त्विक अभिनय मात्र निराळ्या जातीचा आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव पाहिले म्हणजे ध्यानात येते की ही सारी देहाच्या अगतिकतेचीच नावे आहेत. शरीर ताठरते, घामेजते, शहारते, आवाज फुटत नाही, कापरे भरते, रंग उडतो, डोळे भरून येतात, भान हरपते. यांतले एकही माणूस हुकमाने सहसा करू शकत नाही. म्हणूनच भरताने म्हटले की सत्त्व हे मनापासून उपजते आणि मन एकाग्र झाल्यावाचून ते साधत नाही. ज्यास दुःख झालेले नाही, तो दुःखाचे अश्रू आणणार कोठून?

येथे एक सूक्ष्म विरोध आहे आणि तोच आपल्या विषयाचा गाभा होय. सात्त्विक भाव अनावर असले पाहिजेत, आणि तरीही ते अभिनयाचा भाग असले पाहिजेत. जे ताब्यात नाही ते नटाने ताब्यात असलेल्या रूपात आणून ठेवावयाचे. मराठी रंगभूमीने या विरोधाचे एक विलक्षण उदाहरण पाहिले आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. शालूचा डौल, मुद्रेवरील लाडिकपणा, हा सारा आहार्य आणि आंगिक अभिनयाचा विजय होता. त्या वेषाखालच्या देहात त्या रात्री काय चालले होते हे कोणास दिसले नाही, आणि दिसू न देणे हाच त्या कलेचा धर्म होता. भामिनी, सिंधू, रुक्मिणी अशा भूमिकांतील त्यांची छायाचित्रे आज पाहताना हाच अनुभव येतो. वेष बोलतो, अंग बोलते. सत्त्व झाकलेले राहते.

प्रयोगचित्राचा कलावंत नेमका उलटा मार्ग धरतो. जे झाकावयाचे तेच त्यास उघडे करावयाचे आहे. वाचिक अभिनय छायाचित्रात मुळातच नाही. आहार्य आणि आंगिक यांची जुळवाजुळव कोणताही फोटो-स्टुडिओ करू शकतो. उरते ते सत्त्व. ते चित्रात उतरले की नाही, यावरच या प्रकाराची परीक्षा झाली पाहिजे, असे मला वाटते.

३

या परीक्षेची सुरुवात मात्र कलाचित्रांपासून न करता, कला म्हणून मुळीच न काढलेल्या चित्रांपासून केली पाहिजे. कारण पुढची पुष्कळ प्रयोगचित्रे त्यांनाच उत्तर म्हणून जन्मली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय शास्त्रज्ञांना मानवजातींची मोजणी करावयाची होती. १८६९ साली हक्सले याने ब्रिटिश साम्राज्यातील निरनिराळ्या वंशांच्या लोकांची विवस्त्र छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत अशा सूचना तयार केल्या. त्याच सुमारास लॅम्प्रे याने लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन पाडले आणि त्या जाळीपुढे माणसे उभी करून त्यांची चित्रे घेण्याची पद्धत सुचविली. पुढे १८९० नंतरच्या दशकात अंदमानातील ब्रिटिश अधिकारी पोर्टमन याने काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पडदा मागे लावून तेथील आदिवासींची अशी चित्रे व मापे घेतली. दरम्यान १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा चित्रग्रंथ निघाला होता. त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव आढळत नाही. त्याच्या जातीचे किंवा जमातीचे नाव आढळते.

या चित्रांतील माणसांनी अभिनय केलेला नाही. त्यांना उभे केले, ती उभी राहिली. तरी एक सात्त्विक भाव त्यांत जवळजवळ सर्वत्र आहे, तो म्हणजे स्तंभ. खांदे आखडलेले, बोटे मांडीला चिकटलेली, नजर कोठेच न लागलेली. कोणी म्हणेल, त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे सर्वांनाच ताठ उभे राहावे लागे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या लग्नाच्या फोटोतही हाच ताठरपणा नाही काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ओल्या काचेच्या पद्धतीत काही सेकंद स्थिर राहावेच लागे. पण १८९० पर्यंत कोरड्या काचा सर्रास आल्या होत्या आणि क्षणार्धात चित्र घेता येत होते. शिवाय लग्नाच्या फोटोतील वराचा ताठरपणा आपण कसे दिसावे या विचाराने आलेला असतो. त्यामागे इच्छा असते. मोजपट्टीशेजारच्या माणसापाशी ही इच्छाच उरलेली नाही. त्याचा देह घेतला गेला आहे. त्याने आपण होऊन जर काही दिले असेल, तर ते एवढे आखडणेच होय. आणि मोजणाऱ्याच्या वहीत नेमका त्यासाठीच रकाना नाही.

येथे आपल्या काव्यशास्त्रातील आणखी एक संज्ञा उपयोगी पडते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी सांगितले की रसास्वादात साधारणीकरण होते. दुष्यंत हा हस्तिनापूरचा अमुक राजा राहत नाही. त्याची व्यक्तिगत विशेषणे गळून पडतात. मोजणीच्या चित्रातही वरवर पाहता हेच घडते. माणसाचे नाव, गाव, नाते गळून पडते आणि उरतो तो ‘नमुना’. मग दोहोंत भेद कोणता? भेद हा की साधारणीकरणात पाहणाराही आपले ‘मी-तू’ सोडतो. दुष्यंतासारखाच तोही विशेषणरहित होतो आणि म्हणूनच ते दुःख त्याचेही होते. मोजणीत पाहणारा जागचा हलत नाही. विशेषणे फक्त समोरच्याची काढून घेतली जातात. यास आपण ‘जातीकरण’ म्हणू. साधारणीकरण दोघांचे होते, जातीकरण एकाचेच. अगतिक देहाचे कोणतेही छायाचित्र समोर आले की आपण प्रथम हे विचारावे: येथे केवळ त्याची विशेषणे गेली, की माझीही गेली?

४

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या बाबतीत विचारला असता उत्तर सोपे येत नाही. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात होते. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाई गावी गोंडांमध्ये राहिले आणि ‘द राज गोंड्‌स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गोंडांच्या जमिनीसाठी आणि शिक्षणासाठी निजाम सरकारात खटपट केली, ही गोष्ट गोंड समाज आजही कृतज्ञतेने आठवतो. बेटी यांची समाधीही मारलवाईतच आहे. त्यांच्या छायाचित्रांत चौकटींचा पडदा नाही, मोजपट्टी नाही. माणसे नांगर धरतात, नाचतात, देवापुढे बसतात, हसतात. पोर्टमनची चित्रे आणि ही चित्रे एका पारड्यात टाकणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही ही चित्रे पाहताना एक बाब लपत नाही. आस्थेने घेतलेले चित्र झाले तरी ते घेतलेलेच असते. चौकट ठरविणारा एकीकडे आणि चौकटीत बसणारा दुसरीकडे, ही रचना आस्थेने मवाळ होते, मोडत नाही. वर्गात कधी अशी जुनी चित्रे दाखविण्याचा प्रसंग आला की गोंड मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कोण, कोणत्या गावचा, कोणाच्या घरातला? मुले जातीकरण उलटवू पाहतात, गळालेली विशेषणे परत मागतात. चित्राकडे पाहण्याचे याहून चांगले शिक्षण मला तरी ठाऊक नाही.

आता ही रचना मोडावयाची कशी? एक मार्ग असा की चौकट ठरविणाऱ्याने स्वतःच चौकटीत जाऊन उभे राहावे. प्रयोगचित्राच्या एका महत्त्वाच्या शाखेने हाच मार्ग धरला.

५

बंगळूरच्या कलावती पुष्पमाला एन. या मूळच्या शिल्पकार. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९९० नंतर त्या छायाचित्राकडे वळल्या आणि स्वतःच आपल्या चित्रांच्या नायिका बनल्या. १९९६ ते १९९८ या काळातील त्यांची ‘फँटम लेडी’ ही चित्रमाला मुंबईतच घेतलेली आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीच्या सहकार्याने केलेली ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही माला. तिचे शीर्षकच जुन्या मानवशास्त्रीय ग्रंथांची नक्कल करते. तीत पुष्पमाला कधी रविवर्म्याची लक्ष्मी होतात, कधी त्याचीच चांदण्यातील स्त्री, कधी विजापुरी चित्रातील योगिनी, आणि कधी चौकटींच्या पडद्यापुढे मापासाठी उभी केलेली तोडा स्त्री.

यांतील विनोद आणि बुद्धिमत्ता दोन्ही मान्य केली पाहिजेत. रविवर्म्याची लक्ष्मी आपल्या प्रत्येक घरी भिंतीवर होती. त्याचा छापखाना प्रथम मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीस होता. त्या लक्ष्मीच्या जागी एक हाडामांसाची बाई, जरा अवघडलेली, पुठ्ठ्याच्या कमळावर उभी असावी तशी दिसली की आपल्या लक्षात येते, देवी म्हणून आपण एका वेषालाच नमस्कार करीत होतो. लक्ष्मी आणि मोजलेली तोडा स्त्री एकाच मालेत शेजारी येतात, यात तर फार मोठा विचार आहे. स्त्रीला पाटावर बसविणे आणि स्त्रीला पट्टीने मोजणे, दोन्हींत तिला हलण्याची मुभा नाही.

असे असूनही तोडा स्त्रीच्या चित्रापाशी मी थबकतो. पडदा आहे, माप आहे, करडा-पिंगट जुना रंग आहे. आहार्य अभिनय निर्दोष आहे. परंतु मूळ चित्रात जो स्तंभ होता, तो येथे आंगिक झाला आहे. मूळ स्त्री ताठरली होती. पुष्पमाला ताठरण्याचा अभिनय करतात. त्या स्वतः चौकटीत आल्या हे खरे, पण आपण केव्हाही चौकटीबाहेर पाऊल टाकू शकतो हे त्या जाणतात, आणि आपणही जाणतो. म्हणून हे चित्र आपणास हसवते, विचार करावयास लावते, मोजणाऱ्याची लाज उघडी पाडते. मोजलेल्या स्त्रीपाशी मात्र ते नेत नाही. टीकाकार येथे म्हणतील की तेथवर नेणे हा त्यांचा हेतूच नव्हता. दुसऱ्याच्या वेदनेत शिरल्याचा आव न आणणे हाच त्यांचा प्रामाणिकपणा. हे मला पटते. हे उत्तम विडंबन आहे. फक्त विडंबनास आपण करुण म्हणू नये, आणि अशा चित्राच्या वर्णनात ‘अगतिकता’ हा शब्द जपून वापरावा.

६

मग अगतिकता खरी कशाने होते? पाश्चात्त्य कलावंतांनी याचे एक सरळ उत्तर दिले: धोका पत्करण्याने. १९६० साली फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन याचे एक चित्र प्रसिद्ध झाले. त्यात तो उंच कठड्यावरून हात पसरून रस्त्यावर झेपावताना दिसतो. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. वस्तुतः खाली त्याचे मित्र ताडपत्री धरून उभे होते. रिकाम्या रस्त्याची दुसरी काच जोडून त्यांना चित्रातून नाहीसे केले होते. उलटपक्षी १९७१ साली कॅलिफोर्नियात क्रिस बर्डन याने मित्राकडून आपल्या डाव्या दंडावर खरोखर बंदुकीची गोळी झाडून घेतली. त्या प्रसंगाची छायाचित्रे मात्र अंधुक आणि सामान्य आहेत. खोट्या धोक्याचे चित्र अविस्मरणीय ठरले, खऱ्या धोक्याचे चित्र एखाद्या पंचनाम्यासारखे उरले. धोका खरा असणे आणि चित्रात सत्त्व असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे यावरून सिद्ध होते. जखम हा पुरावा आहे, भाव नव्हे.

दुसरे उदाहरण डच कलावंत बास यान आडर याचे. १९७० आणि १९७१ साली त्याने स्वतः रडत असतानाची चित्रे आणि छोटा चित्रपट केला. रडण्याचे कारण त्याने सांगितले नाही. सांगता येऊ नये इतका मी दुःखी आहे, एवढाच शीर्षकाचा भावार्थ. येथे अश्रू आहेत, म्हणजे सात्त्विक भाव प्रत्यक्ष आहे. तरीही मन पुरते भरत नाही, ते का? आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर अनुभाव आहे, विभाव नाही. शोक कशाचा हेच न कळल्यामुळे आपण त्या चेहऱ्याकडे संशयाने पाहू लागतो: हा खरेच रडतो, की रडून दाखवतो? या संशयातच त्या कृतीचे मर्म आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण संशय हा बुद्धीचा व्यापार आहे. रसापाशी पोहोचण्यास विभाव लागतो. देहाच्या मागे त्याचे जग असावे लागते.

७

असे जग ज्यांच्या देहामागे उभे आहे, अशी प्रयोगचित्रे महाराष्ट्राच्या राजधानीतच निर्माण झाली, आणि तरीही मराठी समीक्षेने त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही, याचा खेद वाटतो. मी रुम्माना हुसेन यांच्याविषयी बोलत आहे.

१९५२ साली बंगळुरास जन्मलेल्या रुम्माना हुसेन मुंबईत स्थायिक झाल्या. प्रारंभी त्या चित्रे रंगवीत. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील मशीद पाडली गेली, पाठोपाठ मुंबईत दंगली उसळल्या, आणि मुसलमान नावामुळे त्यांना काही काळ राहते घर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी कुंचला जवळजवळ बाजूस ठेवला. फुटलेली मातीची मडकी, आरशाचे तुकडे, कापलेले फळ, अशा वस्तू त्यांच्या कामात आल्या. आणि लवकरच स्वतःचा देहही. १९९५ साली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌सच्या आवारात त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातांत दोन भाग केलेली पपई, आणि किंकाळीसाठी उघडलेले पण आवाज न करणारे तोंड, अशा रीतीने त्या चालत राहिल्या. १९९६ च्या ‘होम/नेशन’ या मांडणीतील छायाचित्रांत हे उघडे तोंड, ते चिरलेले फळ आणि वास्तूंच्या कमानी एकमेकांची रूपे घेतात.

या चित्रांपुढे भरताची यादी पुन्हा उघडावी. आवाज न फुटणे हा स्वरभंग. नाटकात स्वरभंग ऐकू येतो, म्हणजे मोडका का होईना, आवाज असतो. छायाचित्र तर स्वभावतःच मुके आहे. म्हणजे येथे माध्यमाची उणीव आणि देहाची अवस्था एक झाली आहे. कॅमेरा ऐकू शकत नाही आणि शेजारचा माणूस ऐकत नाही, या दोन गोष्टी एकाच प्रतिमेत बसल्या आहेत. संकल्पना आणि सत्त्व यांचा असा सांधा मी दुसऱ्या प्रयोगचित्रात क्वचितच पाहिला. आणि विभाव? तो १९९२-९३ ची मुंबई पाहिलेल्या कोणासही समजावून सांगावा लागत नाही. फोडलेले मडके, घुमट, चिरलेली पपई आणि स्त्रीचा देह, हे सारे पोकळ आणि फुटणारे. त्यांचे साम्य दाखविण्यासाठी एकाही शब्दाची गरज पडत नाही.

पुढे त्यांना कर्करोगाने गाठले. १९९८ च्या ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ या प्रयोगात त्या काळ्या झिरझिरीत वस्त्राआडून शस्त्रक्रिया झालेले आपले शरीर, कृत्रिम स्तनासह, लोकांपुढे आणतात आणि मुसलमान स्त्रीविषयी लोकांच्या मनात जे गृहीत असते त्याविषयीच प्रश्न वाचत जातात. पडद्यामागची स्त्री म्हणून जिची जातवारी आपण करून टाकली, तिच्या पडद्याआड आपणास जे दिसते ते कोणत्याच जातवारीत बसत नाही. तो कोणाही आईचा, बहिणीचा, पत्नीचा आजारी देह असतो. जातीकरण मोडून साधारणीकरण होण्याचा क्षण म्हणतात तो हा. पाहणारा ‘तिच्याकडे’ पाहावयास आलेला असतो आणि स्वतःच्या घरातील दुखण्यापाशी जाऊन पोहोचतो. १९९९ साली त्या वारल्या.

आक्षेप येथेही आहेत. पहिला असा की व्याधी ही कला नव्हे. तसे असते तर क्ष-किरणाचे प्रत्येक चित्र महाकाव्य ठरले असते. बरोबर आहे. म्हणूनच भरताने नुसत्या अश्रूंना अभिनय म्हटले नाही; एकाग्र मनाने रूप दिलेल्या अश्रूंना म्हटले. पडदा किती सरकवावा, प्रश्न कोणत्या क्रमाने यावेत, मुद्रा किती स्थिर ठेवावी, हे सारे या प्रयोगात ठरविलेले आहे. व्याधी तेवढी ठरविलेली नाही. दुसरा आक्षेप असा की छायाचित्र म्हणून ही चित्रे पुष्पमालांच्या चित्रांइतकी घडीव नाहीत. हेही खरे. प्रकाशाची, वेषाची, चौकटीची जी सिद्धी तेथे आहे ती येथे नाही. पण पुष्पमालांच्या चित्रातून कलावती बाहेर पडू शकते. रुम्माना हुसेन यांच्या चित्रातून त्यांना बाहेर पडता येत नव्हते. वेष उतरविता येतो, देह उतरविता येत नाही. या एका फरकापुढे कारागिरीचा फरक मला दुय्यम वाटतो.

८

या कसोटीचा उपयोग कलादालनापुरता राहू नये. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडील गोंड गावांत दंडारी निघतात. त्यांतील गुसाडी अंगास राख फासतो, मोरपिसांचा भला थोरला टोप डोक्यावर चढवितो, कातडे पांघरतो, आणि तेवढे दिवस तो स्वतः राहत नाही. देव त्याच्या अंगी असतो अशी श्रद्धा आहे. मारलवाईचेच गुसाडी-गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते निवर्तले. गुसाडीचा देह हा दिलेला देह आहे, नवसाने, परंपरेने, देवाला. त्यात आहार्य अभिनय तर डोळे दिपविणारा आहेच. पण उपवास, जागरण आणि मैलोगणती चाल यांनी आलेला थकवा, डोळ्यांतील तार, हे सत्त्वही आहे. आपले कॅमेरे काय टिपतात? मोरपिसे. फलकांवर, पत्रिकांवर, स्वागतकमानींवर मोरपिसेच दिसतात. आहार्य तेवढे घ्यावयाचे आणि सत्त्व टाकून द्यावयाचे, मग चित्राखाली ‘आदिवासी नृत्य’ असे लिहून मोकळे व्हावयाचे, हे जातीकरण पोर्टमनच्या पडद्यावाचूनही होऊ शकते. त्यास दुष्ट हेतू लागत नाही, आळस पुरतो.

म्हणून प्रयोगचित्रास केवळ परदेशी थेर समजणाऱ्या वाचकास माझे एवढेच निवेदन आहे. या कलेत ढोंग पुष्कळ आहे. धक्का देण्यासाठी दिलेला धक्का पुष्कळ आहे. त्यास नाकारावयाचे तर खुशाल नाकारावे. परंतु नाकारण्याचे कारण ‘येथे देह उघडा आहे’ हे नसावे, ‘येथे सत्त्व नाही’ हे असावे. आणि जेथे सत्त्व आहे, जेथे एक माणूस आपला उतरविता न येणारा देह आपल्यापुढे ठेवतो, तेथे आपणही आपली विशेषणे बाजूस ठेवण्याची तयारी दाखविली पाहिजे. सहृदय या शब्दाचा अर्थ याहून निराळा नाही. चौकटीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव, गाव आणि घर विचारणारी मुले तो अर्थ पाठ न करताच जाणतात. मोठ्यांना मात्र तो पुन्हा शिकावा लागतो.